पॉर्न सोडताय? या चुका टाळा

पॉर्न सोडायचं ठरवणाऱ्याची पहिली चूक कारणातच असते. ‘हे पाप आहे, आपण वाईट आहोत’ एवढ्यावर सुरुवात केली की दोन-चार दिवस लाज पुरते. मग त्या लाजेचाच भार होतो आणि तो विसरायला हात पुन्हा फोनकडे जातो. कारण असं हवं, जे दुसऱ्या दिवशी सकाळी अंगावर जाणवेल. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत सकाळच्या पाळीला मशीनवर उभं राहायचं आहे आणि झोप लागली रात्री दोनला. चालत्या मशीनवर पेंगणाऱ्याची बोटं जातात, हे कारण. सैन्यभरतीसाठी १६०० मीटरची वेळ कमी करायची आहे आणि पहाटे अंथरूण सुटत नाही, हे कारण. बायको शेजारी असताना शरीर साथ देत नाही आणि स्क्रीनसमोर देतं, हे तर फार मोठं कारण. यातल्या एकालाही देवधर्म लागत नाही.

आपलं कारण कोणतं ते ओळखायला आधी आठवडाभर फक्त नोंद ठेवा. वहीचं एक पान आणि त्यावर चार रकाने: वेळ, जागा, किती मिनिटं, त्याआधी काय झालं होतं. मिनिटं अंदाजानं लिहू नका. अँड्रॉइडच्या ‘डिजिटल वेलबीइंग’मध्ये ब्राउझरचा रोजचा वेळ दिसतो आणि इन्कॉग्निटोत बघितलेलंही त्यात धरलं जातं. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. तिथं ‘इच्छा झाली’ असं फार कमी वेळा लिहिलेलं सापडतं. कंटाळा, भांडण, उद्याच्या पेपरची धास्ती, खोलीवर एकटं असणं, हेच जास्त. हा आठवडा गाळून ‘आजपासून बंद’ म्हणणाऱ्यांना आपण नेमकं कशाशी झुंजतोय हेच ठाऊक नसतं.

स्वतःला लगेच ‘व्यसनी’ही म्हणवून घेऊ नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या ११ व्या वर्गीकरणात (जानेवारी २०२२ पासून लागू) लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटण्याच्या विकाराची नोंद आहे. त्यासाठी साधारण सहा महिने किंवा जास्त काळ ताबा सुटलेला असावा लागतो आणि त्यातून मोठा मनस्ताप किंवा घर, काम, तब्येत यांचं ठळक नुकसान झालेलं असावं लागतं. हे नीतीला धरून नाही म्हणून वाटणारी नुसती बोच त्यासाठी पुरत नाही. डॉक्टरसुद्धा बघतात ते नुकसान, लाज नाही.

शपथ घेणं आणि दिवस मोजणं

ही चूक इतकी सर्रास होते की तिच्यावर सविस्तर लिहिणं भाग आहे. खानापूर तालुक्यातला एक मुलगा, इंजिनिअरिंगला, टिळकवाडीत खोली करून राहणारा. आईची शपथ घेतली, फोनवर दिवस मोजणारं ॲप टाकलं. महिना छान गेला. मित्रांना तो आकडा दाखवायचा. एका रात्री निकाल लागला, दोन विषय राहिले, खोलीवर कोणी नव्हतं. दहा मिनिटं बघितलं. ॲपनं आकडा शून्यावर आणला आणि तिथून खरा घोळ झाला. ‘गेलंच सगळं, आता काय उरलं’ म्हणत शुक्रवारची रात्र, शनिवार, रविवार, सगळं त्यातच. सोमवारची इंटर्नल बुडाली. खोलीवर परतलेल्या मित्रानं विचारलं, “काय करूलास रे रात्रभर?” त्याला उत्तर देता येईना.

त्या दहा मिनिटांनी फार काही बिघडलं नव्हतं. बिघडवलं ते शून्यानं. ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञानं दारू सोडणाऱ्यांमध्ये नेमकं हेच टिपलं होतं. पूर्ण बंदीचा नियम एकदा मोडला की माणूस ती एक चूक न मानता स्वतःचा पराभव मानतो आणि मग थांबायचं कारणच उरत नाही. शपथ जितकी मोठी, घसरण तितकी लांब. म्हणून आईची, मुलाची शपथ घेऊच नका. त्या माणसांना यात ओढायचं कारण नाही.

आकडा हवाच असेल तर भिंतीवरच्या कॅलेंडरवर न बघितलेल्या दिवसावर पेनानं खूण करा आणि महिन्याच्या शेवटी खुणा मोजा. ३० पैकी १९, पुढच्या महिन्यात २४. झालेल्या खुणा कोणी पुसू शकत नाही. पाय घसरलाच तर त्याच क्षणी फोन खोलीबाहेर ठेवा, तोंड धुवा आणि वहीत एक ओळ लिहा: किती वाजता, कुठं, आधी काय झालं होतं. मग झोपा. दुसऱ्या दिवशी उपास, थंड पाण्याची अंघोळ, शंभर जोर अशी शिक्षा स्वतःला करू नका. शिक्षा भोगली की हिशोब फिटल्यासारखा वाटतो आणि नवा हिशोब उघडायची मुभा मिळते.

‘९० दिवसांत मेंदू नवा होतो’ हेही डोक्यातून काढा. असा ठरलेला आकडा नाही. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर केलेल्या अभ्यासात पाणी पिणं, चालणं यांसारखी साधी सवय अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाचा अंदाज २५४ दिवसांपर्यंत गेला. मेंदूची चित्रं दाखवून घाबरवणाऱ्यांचंही तसंच. २०१४ च्या एका जर्मन अभ्यासात ६४ पुरुषांपैकी जास्त तास बघणाऱ्यांच्या मेंदूतला एक भाग थोडा लहान आढळला, पण बघण्यामुळे तो लहान झाला की मुळात लहान असलेले जास्त बघतात, हे त्यातून ठरत नाही. सोडायला झोप आणि संसार ही कारणं पुरेशी असताना अर्धवट विज्ञानाची गरज काय?

ब्लॉकर टाकला आणि निर्धास्त झाले

२०१८ मध्ये उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर सरकारनं ८२७ साइट बंद करायला सांगितल्या. थोड्याच दिवसांत नव्या पत्त्यांवर त्याच साइट हजर. बाहेरून लावलेल्या कुलपाचं असंच होतं. तरी स्वतःच्या हातानं नीट लावलेलं कुलूप उपयोगी पडतं, कारण ते उघडायला जी दोन-तीन मिनिटं लागतात तेवढ्यात भानावर यायला वाव मिळतो. पण बरेच जण ते चुकीचं लावतात.

अँड्रॉइड ९ किंवा त्यानंतरच्या फोनमध्ये सेटिंगमधल्या नेटवर्क किंवा कनेक्शनच्या भागात ‘प्रायव्हेट डीएनएस’ शोधा. डीएनएस म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा. क्लाउडफ्लेअर या कंपनीची एक सेवा पॉर्न साइटचा पत्ताच देत नाही. तिथं होस्टनेम टाकायचा पर्याय निवडून लिहा: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम. अर्थात इंग्रजी लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता, क्लाउडफ्लेअर आणि डीएनएस यांच्यात आडवी रेघ घेऊन. इथं त्याच सेवेचा १.१.१.३ हा नंबर टाकणारे बरेच असतात. या रकान्यात नंबर चालत नाही, नावच लागतं. नंबर टाकायचा तो घरच्या वायफाय राउटरमध्ये, पहिला १.१.१.३ आणि दुसरा १.०.०.३. काही जण १.१.१.१ टाकून बसतात. तो काहीच अडवत नाही. १.१.१.२ फक्त व्हायरसवाल्या साइट अडवतो.

मग क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘सिक्युअर डीएनएस’ बघा. तिथं दुसरी कंपनी निवडलेली असेल तर फोनचं कुलूप बाजूला पडतं. गूगलचं ‘सेफसर्च’ फिल्टरवर ठेवा. फोनमधले फुकटचे व्हीपीएन काढून टाका, त्यांच्यातून सगळं कुलूप वळसा घालून जातं, शिवाय तुमची माहिती कुणाच्या हाती जाते ते वेगळंच. आयफोनवर ‘स्क्रीन टाइम’मधल्या कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्समध्ये वेब कंटेंटला ‘लिमिट ॲडल्ट वेबसाइट्स’ करा, त्यानं सफारीतलं प्रायव्हेट ब्राउझिंगही बंद होतं. चार आकडी पासकोड भावाला किंवा विश्वासाच्या मित्राला टाकायला सांगा, तुम्ही बघू नका. बायकोकडे देऊ नका. नवऱ्यावर पहारा ठेवणं तिचं काम नाही, आणि त्यातून दोघांत फक्त संशय वाढतो.

यातून टेलिग्राम अडत नाही, इन्स्टाग्राम अडत नाही, कपाटातला जुना फोन तर नाहीच. जुना फोन विका किंवा घरी गावाकडे ठेवा. टेलिग्रामचे असले चॅनल एका बैठकीत सोडा. व्हॉट्सॲपवर फोटो-व्हिडिओ आपोआप उतरणं बंद करा. आणि ‘आता फक्त रील बघतो’ ही दुधाची तहान ताकावर भागवणं झालं. तासाभरानं माणूस दुधापाशीच पोचतो.

फोन उशाशी

वरचं काही जमलं नाही तरी हे एक करा. फोनचा चार्जर झोपायच्या खोलीतून हलवा. तिघांच्या खोलीत स्वयंपाकाच्या ओट्याजवळचा सॉकेट चालतो. गजरासाठी साधं घड्याळ घ्या. ‘गजरासाठी फोन लागतो’ हे कारण आम्ही ऐकून घेत नाही.

शेतकऱ्यांची अडचण वेगळी. पंपाला थ्री फेज लाइट रात्री येते, माणूस मळ्यात एकटा, हातात फोन आणि पहाटेपर्यंत दुसरं काम नाही. चिकोडी-अथणीकडे उसाला पाणी पाजणाऱ्या तरुण पोरांची सवय इथंच लागते. मळ्यात साधा बटणांचा फोन न्या. कॉलवर चालणारा मोबाईल स्टार्टर त्या फोनवरूनही चालू-बंद करता येतो. सोबतीला रेडिओ असू द्या.

ओढ आलीच तर ती दाबत बसू नका, जागा सोडा. खोलीतला असाल तर गॅलरीत या, बिछान्यात असाल तर उठून पाणी प्या. खतपाणी घातलं नाही तर ती वीस-तीस मिनिटांत ओसरते. ‘फक्त एकदा बघून बंद करतो’ हेच ते खतपाणी.

थोडक्यात आणखी काही

एकाच दिवशी पॉर्न, चहा, मटण आणि इन्स्टा सोडू नका, चारही परत येतील.

हस्तमैथुन हा आजार नाही, आणि धातू गेल्यानं रक्त कमी होत नाही, पाठीचा कणा झिजत नाही. पॉर्न आणि हस्तमैथुन एकच धरून दोन्हींची भीती बाळगणारे भीतीनंच खचतात.

बायकोला क्लिप दाखवून ‘असं कर’ म्हणू नका. ते चित्रीकरण असतं, कापून जोडलेलं. तिला काय हवं ते तिला विचारा.

क्लिप पुढे पाठवू नका. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ अ कलमाखाली पहिल्या गुन्ह्याला ५ वर्षांपर्यंत कैद आणि १० लाखांपर्यंत दंड आहे. लहान मुलांचं असेल तर ६७ ब खाली शोधणं, बघणं, उतरवणं हाही गुन्हा आहे.

भिंतीवरचे डॉक्टर

स्टँडजवळच्या भिंतींवर ‘गुप्तरोग, मर्दानी कमजोरी’ लिहून नंबर दिलेला असतो, रस्त्याकडेला जडीबुटीचे तंबू असतात. पॉर्न सोडताना मधे काही दिवस इच्छा मंदावल्यासारखी वाटते, तेवढ्यात घाबरून पोरं तिथं पोचतात आणि महिन्याचा पगार ठेवून येतात. साधी खूण बघा. सकाळी झोपेतून उठताना ताठरता येत असेल आणि जोडीदाराजवळ येत नसेल, तर बहुधा प्रश्न मनाच्या ताणाचा आहे. सकाळीही येत नसेल तर एमबीबीएस डॉक्टरकडे जाऊन साखर आणि रक्तदाब तपासा, चाळिशीनंतर तर नक्कीच, कारण मधुमेह आणि हृदयविकार कधी कधी आधी इथंच दिसतात. औषध दुकानातून ताठरतेसाठीची सिल्डेनाफिलची गोळी स्वतःच्या मनानं आणू नका. छातीत दुखण्यासाठी जिभेखाली ठेवायची नायट्रेटची गोळी घेणाऱ्याचा रक्तदाब तिच्यामुळे जीवघेणा खाली येतो.

अनोळखी व्हिडिओ कॉल

रात्री उशिरा अनोळखी मुलीची रिक्वेस्ट येते, मग कॉल येतो, दोन मिनिटांत स्क्रीन रेकॉर्ड झालेली असते. मग पैसे मागतात, आणि दुसऱ्या दिवशी ‘दिल्ली क्राइम ब्रँच’च्या नावानं त्यांचाच खोटा फोन येतो. इथली चूक एकच, पैसे देणं. एकदा दिले की मागणी वाढते. चॅट पुसू नका. नंबर, प्रोफाइल, यूपीआय आयडी यांचे स्क्रीनशॉट काढा, मग ब्लॉक करा. १९३० ला फोन लावा, राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा किंवा बेळगावच्या सीईएन (सायबर गुन्हे बघणाऱ्या) पोलीस ठाण्यात जा. आणि त्याच रात्री घरात किंवा मित्रांत एकाला सांगा. हे ओझं एकट्यानं डोक्यावर घेऊन झोपू नका, यात पोरांचे जीव गेले आहेत.

मदत मागायला उशीर

सहा महिने सगळं करूनही झोप, काम, घर सावरत नसेल तर मानसोपचारतज्ज्ञ गाठा. आपल्याकडची पोरं अडतात ती भाषेपाशी. कन्नडमध्ये व्यवहार जमतो, मनातलं सांगता येत नाही. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि सुरुवातीलाच भाषा निवडता येते. बेळगावात बिम्स या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात दाखवता येतं, पुढे धारवाडचं डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे. बेंगळुरूच्या निमहान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेत मोबाईल-इंटरनेटच्या अतिवापरासाठी ‘शट’ नावाचं वेगळं क्लिनिक २०१४ पासून चालतं. ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरला वेळ कमी असतो. तोंडातून शब्द फुटला नाही तर वहीचं ते चार रकान्यांचं पान पुढे करा, सोबत झोपेची वेळ, चालू असलेल्या गोळ्या आणि दारू-तंबाखूचं प्रमाण लिहून न्या.