न्यू जर्सीतली शाळा नेमकी चालवतं कोण?

माझी नेमणूक झाली ती एका मंगळवारी रात्री साडेआठच्या सुमारास, हायस्कूलच्या वाचनालयात, सगळ्यांदेखत. लांब टेबलामागे नऊ माणसं बसली होती. विषयपत्रिकेच्या आठव्या पानावर, एक बसड्रायव्हर आणि एक बास्केटबॉल कोच यांच्या मधे, माझं नाव, पद आणि तासाचा दर छापलेला होता. सचिवांनी एकेकाचं नाव पुकारलं, नऊही जणांनी 'येस' म्हटलं आणि मी विशेष शिक्षणाच्या वर्गात साहाय्यक झाले. नाशिकला पाच वर्षं शिकवलं, पण तिथे नेमणुका कशा होतात ते आम्हाला कधी दिसलं नाही. इथे माझा पगार गावात कुणालाही वाचता येत होता. ही शाळा कुणाच्या मालकीची आहे, याचा नीट विचार मी त्या रात्री पहिल्यांदा केला. मुलगी तोवर तीन वर्षं त्याच डिस्ट्रिक्टमध्ये शिकत होती.

आधी या शब्दाचा घोळ. डिस्ट्रिक्ट म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे जिल्हा येतो, जिल्हा परिषद येते, शिक्षणाधिकारी येतात. इथे जिल्ह्याच्या जवळची गोष्ट म्हणजे काउंटी. न्यू जर्सीत काउंटी 21 आहेत आणि शाळांचे डिस्ट्रिक्ट सहाशेच्या घरात. बहुतेक एकेका गावापुरते. काही ठिकाणी दोन-तीन गावं मिळून एक. वेस्ट विंडसर मर्सर काउंटीत आहे, शेजारचं प्लेन्सबरो मिडलसेक्समध्ये, तरी दोन्ही गावांच्या शाळांचा संसार एकच. डिस्ट्रिक्ट हा नगरपालिकेचा विभाग नसतो. त्याचं बोर्ड वेगळं, बजेट वेगळं, म्हणून शाळेच्या कामासाठी मेयरकडे जाऊन उपयोग नाही.

बोर्ड ऑफ एज्युकेशनवर बहुधा नऊ सभासद असतात, तीन वर्षांसाठी निवडून आलेले, आणि त्यांना पगार नसतो. दिवसा कुणी फार्मा कंपनीत, कुणी वकील, कुणी घरी मुलं सांभाळणारी आई. बोर्ड सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा मुख्य अधिकारी, नेमतं. प्रिन्सिपल, शिक्षक, आमच्यासारखे साहाय्यक हे सगळे सुपरिंटेंडंटच्या हाताखाली. माणूस निवडण्याची शिफारस सुपरिंटेंडंटची, मंजुरी बोर्डाची. शिफारशीशिवाय बोर्डाला स्वतःहून कुणाला चिकटवता येत नाही. बोर्ड सभासदांसाठी राज्याची आचारसंहिता आहे. तिचं सार असं की शाळा चालवणं हे त्यांचं काम नाही, ती नीट चालते आहे ना हे पाहणं त्यांचं काम. आपल्या लोकांची एक सवय मला इथे फार खटकते. महाराष्ट्र मंडळात ओळख झालेल्या बोर्डावरच्या काकांना फोन करायचा आणि 'मुलीचा वर्ग बदलून द्या' म्हणायचं. एकट्या सभासदाला तसा अधिकारच नसतो. प्रामाणिक सभासद तुम्हाला प्रिन्सिपलकडे पाठवेल, आणि त्याचं तेच बरोबर आहे.

मत द्यायला आणि उभं राहायला नागरिकत्व लागतं. बोलायला लागत नाही. प्रत्येक जाहीर बैठकीत लोकांच्या बोलण्यासाठी वेळ राखून ठेवणं बोर्डावर कायद्यानं बंधनकारक आहे. आमच्याकडे प्रत्येकाला तीन मिनिटं मिळतात. व्हिसावर आलेला माणूसही माइकसमोर उभा राहून बसस्टॉपबद्दल बोलू शकतो. उत्तर तिथल्या तिथे मिळेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका, आणि कुणा शिक्षिकेचं नाव घेऊन तक्रार तर तिथे मुळीच करू नका.

आता पैसा. घर घेतलंत की प्रॉपर्टी टॅक्सच्या बिलावर गाव, काउंटी आणि शाळा असे वेगळे आकडे दिसतील. राज्याची सरासरी पाहिली तर निम्म्याहून जास्त वाटा शाळेचा. राज्याकडून मदत येते, पण सुखवस्तू उपनगरांत मोठा भार या कराचाच. म्हणून घरांच्या किमती आणि शाळांचं नाव एकमेकांना धरून चालतात, आणि भाड्यानं राहणारेही हा कर भाड्यातून भरतच असतात. 2011-12 पासून हा कर वर्षाला साधारण 2 टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही. आरोग्य विम्यासारख्या थोड्या खर्चांना सवलत आहे. शिक्षकांचे पगार, विमा आणि बस यांचा खर्च त्या मर्यादेचं ऐकत नाही. मग कात्री लागते ती प्राथमिक शाळेतल्या व्हायोलिनच्या तासाला किंवा आम्हा साहाय्यकांच्या जागांना.

इथे वेळ सांभाळावी लागते. शाळेचं आर्थिक वर्ष 1 जुलैला सुरू होतं. आकडेमोड आदल्या हिवाळ्यात होते, मार्चमध्ये कच्चं बजेट येतं आणि एप्रिलअखेर-मेच्या सुरुवातीला जाहीर सुनावणी होते. जूनमध्ये जागे होणाऱ्या पालकांच्या हाती काही उरत नाही. जानेवारीतल्या बैठकांना जा. खुर्च्या रिकाम्या असतात आणि ऐकून घ्यायला माणसं असतात.

सुपरिंटेंडंटच्या खुर्चीचं वजन किती, हे वेस्ट विंडसर-प्लेन्सबरोत 2015 साली दिसलं. तिथले सुपरिंटेंडंट डेव्हिड एडरहोल्ड यांनी मुलांवरच्या ताणाबद्दल पालकांना लांबलचक पत्र लिहिलं. हायस्कूलच्या सहामाही आणि अंतिम परीक्षा बंद झाल्या, काही दिवस गृहपाठाविना ठरले. त्यावर पालकांत उभी फूट पडली, आणि विरोध करणाऱ्यांत आशियाई घरांतले आईबाप बरेच होते. मला तो निर्णय योग्य वाटतो. दहावीच्या वर्षी आमच्या घरी टीव्हीवर कापड टाकलेलं असायचं. तशी घुसमट मला माझ्या मुलीसाठी नको.

शाळेत काम करायचं असेल तर आधी कामाचा परवाना हवा. बदली शिक्षक म्हणून साधारणपणे कॉलेजचे 60 क्रेडिट लागतात, भारतातली पदवी इथल्या संस्थेकडून तपासून घ्यावी लागते. बोटांचे ठसे सगळ्यांचेच घेतात. शिवाय 2018 च्या कायद्यानुसार गेल्या 20 वर्षांत जिथे जिथे मुलांमध्ये काम केलं त्या सगळ्या जागा कळवाव्या लागतात. मला नाशिकच्या शाळेचाही तपशील द्यावा लागला. तेव्हा जुन्या मुख्याध्यापकांचा पत्ता जपून ठेवा.

आणि पालकांना एकच गोष्ट कळकळीनं सांगायची आहे: लेखी द्या. शेजारच्या गावात पुण्याहून आलेलं एक कुटुंब राहतं. मुलगा दुसरीत, बोलण्यात चुणचुणीत, पण अक्षरं जुळवून वाचता येईना. सप्टेंबरपासून आई दर भेटीत बाईंना सांगत होती आणि 'थोडं थांबून बघू' हेच ऐकत होती. फेब्रुवारीत ती माझ्याकडे आली. "ताई, शिक्का बसेल का हो त्याच्यावर?" हीच तिची भीती. मी म्हटलं, वाचता न आल्याचा शिक्का त्याच्यावर वर्गात रोज बसतोच आहे. त्याच रात्री स्वयंपाकाच्या ओट्याशी बसून आम्ही चार ओळींचं पत्र लिहिलं: मुलाचं नाव, इयत्ता, तारीख आणि 'माझ्या मुलाचं विशेष शिक्षणासाठी मूल्यमापन व्हावं'. पत्र विशेष सेवा विभागाच्या संचालकांना, प्रत प्रिन्सिपलना.

असं पत्र पोचल्यापासून 20 दिवसांत बैठक घेणं डिस्ट्रिक्टवर बंधनकारक आहे. मूल्यमापन ठरलं आणि पालकांनी संमतीची सही केली की तपासण्या, पात्रता आणि योजना अमलात आणणं हे सगळं 90 दिवसांत, एक पैसाही न घेता. तोंडी सांगितल्यानं हे घड्याळ सुरूच होत नाही, म्हणून तिचे पाच महिने गेले. हे मूल्यमापन करणाऱ्या चाइल्ड स्टडी टीममध्ये मानसशास्त्रज्ञ, अध्ययन-अक्षमतेच्या तज्ज्ञ शिक्षिका आणि समाजसेविका असतात. तिघींनी मुलाला वेगवेगळं तपासलं. तो घरी मराठी बोलतो हे आईनं प्रवेशाच्या फॉर्मवर खरंखुरं लिहिलेलं होतं, त्यामुळे अडचण वाचनाची की इंग्रजीची हेही त्यांना पारखता आलं. जूनच्या पहिल्या आठवड्यात त्याच्या आयईपीवर, म्हणजे त्याच्यापुरत्या आखलेल्या शिक्षणयोजनेवर, सह्या झाल्या आणि सुट्टीनंतर आठवड्यातून चार दिवस वाचनासाठी वेगळ्या बाई मिळाल्या.