परातीतला टुंड्रा

इंदूरला तीस वर्षं भूगोल शिकवला. टुंड्रा, म्हणजे उत्तर ध्रुवाकडचा गोठलेल्या जमिनीचा बिनझाडांचा प्रदेश, चित्रात काढायला सांगितला की मुलं कागद पांढराच सोडायची. उन्हाळ्यात अलास्काच्या उत्तर किनाऱ्यावर दलदल आणि हजारो तळी असतात, हे सांगूनही पटायचं नाही. तिथल्या उत्कियाग्विक गावी पाऊस अन् बर्फ मिळून वर्षाला जेमतेम सव्वाशे मिलिमीटर, म्हणजे जैसलमेरपेक्षाही कमी. मग एवढं पाणी साचतं कसं? या एप्रिलात नातीबरोबर ते करून पाहिलं.

सांवेरकडची काळी माती चाळून लापशीसारखी कालवा, खोल परातीत तीन बोटं थर द्या आणि गच्चीवर ठेवा. दोन-तीन दिवसांत भेगा पडून बहुकोनी तुकडे दिसतात. माती आतून ओलसर असतानाच परात उचला, कोरडीठक्क झाली तर गोठायला पाणीच उरत नाही. आपल्याकडे माती वाळून भेगाळते. तिकडे कडाक्याच्या थंडीने जमीन आकसून तडकते आणि एकेक तुकडा 10 ते 30 मीटरचा असतो. हा फरक मुलांना सांगाच.

परात रात्रभर फ्रीजरमध्ये राहू द्या. सकाळी भेगांत चमच्याने बर्फगार पाणी सोडून पुन्हा गोठवा. माती गोठण्याआधी पाणी घालू नका. आमची पहिली परात त्यातच गेली, माती फुगली अन् भेगा मिटल्या. टुंड्रातही हाच क्रम: हिवाळ्यात भेग पडते, वसंतात वितळलेलं पाणी आत उतरून गोठतं, आणि शेकडो वर्षांत बर्फाची जाड पाचर बनते.

आता परात बाहेर काढा, वीसेक मिनिटं थांबा आणि जागोजागी टूथपिक टोचा. वर मऊ लागेल, खाली टणक. तिकडे संशोधक जमिनीत धातूची सळई अशीच खुपसतात. उन्हाळ्यात वरचा अर्धा मीटरही जेमतेम सैल होतो, त्याखाली शेकडो मीटर गोठलेलं. वाटीभर पाणी ओता. ते वरच उभं राहतं. नात लगेच म्हणाली, "आजी, याला खाली जायला वाटच नाही!" तीस वर्षं मला हेच सांगायचं होतं.

शेवटी एका बाजूची माती सुरीने उभी कापून तिच्या पायथ्याशी कोमट पाणी सोडत राहा. हा समुद्र. कड खालून पोखरते आणि अख्खा तुकडा भेगेवर तुटून पडतो. अलास्काच्या त्याच उत्तर किनाऱ्यावरच्या ड्रू पॉइंटला किनारा असाच वर्षाला सरासरी 15 मीटरहून जास्त मागे सरकतो आहे. हे दोनदा करा, पहिल्यांदा पडताना नजर चुकते.

चिखल मोरीत ओतू नका, कुंड्यांत घाला.