शेळ्या दिवाळीला आणा, चारा आत्ताच लावा

पाऊस पडला, रान हिरवं झालं की लगेच फोन सुरू होतात, पाच-दहा शेळ्या घ्यायच्यात, कुठल्या बाजारात जाऊ? मी म्हणतो, थांबा जरा. मटणासाठी जनावर पाळायचं तर 2015 च्या गोवंश हत्याबंदीपासून आपल्याकडं महाराष्ट्रात गाय-बैलाचा विषयच संपला, त्यामुळं कमी पैशात शेळीच परवडते हे खरं, पण जून-जुलैत बाजारातनं आणलेली शेळी म्हणजे भिजलेली, टेम्पोत हेलपाटलेली, दहा गावच्या जनावरांत उभी राहिलेली. तिला पीपीआर (शेळ्यांचा प्लेग) नाहीतर न्यूमोनिया धरतो आणि हप्त्याभरात गोठा रिकामा.

आत्ता पैसे घालायचे ते चाऱ्यात. एका शेळीला दिवसाला तीन-चार किलो हिरवा, किलोभर वाळला आणि पाव किलो खुराक धरा, म्हणजे पाच शेळ्यांना रोज 15 ते 20 किलो हिरवा लागला. बांधावर शेवरी, हादगा, सुबाभूळ टोकून टाका, पाण्याची सोय असेल तर दोन-तीन गुंठे नेपियर गवताचे डोळे लावा, दिवाळीपर्यंत कापायला येतंय. सुबाभूळ मात्र एकटीच घालू नका, हिरव्याच्या तिसऱ्या हिश्श्यापेक्षा जास्त गेली तर केस गळतात. सोयाबीन, तूर, हरभऱ्याचं भुसकट लोक पेटवून देतात, ते गोळा करून झाकून ठेवा, उन्हाळ्यात त्याचंच सोनं होतं.

शेडवर लाखभर घालणारे मी बघितलेत आणि वर्षात तेच शेड भाड्यानं देतानाही बघितलेत 😅 शेळीला 10-12 चौरस फूट जागा लागते, पाच शेळ्यांना सहा बाय दहाचा मांडव झाला, जुने पत्रे, बांबू, खाली फूटभर उचललेला मुरूम. पाणी साचलं नाही पाहिजे एवढंच, नाहीतर खूर सडतात.

ज्यांच्याकडं आधीच एक-दोन शेळ्या आहेत त्यांनी पहिल्या पावसाच्या आधीच जंताचं औषध आणि आंत्रविषाराची लस उरकायला पाहिजे होती, राहिली असेल तर उद्याच दवाखाना गाठा. आंत्रविषारात कोवळं लुसलुशीत गवत हापापल्यासारखं खाऊन चांगलं तगडं करडूच सकाळी मेलेलं सापडतं, औषधाला वेळ मिळत नाही. सोडायच्या आधी थोडा वाळला चारा घाला, दव असताना सोडू नका. पीपीआरची लस तीन वर्षांतनं एकदा, तीही विसरू नका.

दसरा-दिवाळीला घ्यायला जाल तेव्हा उस्मानाबादी जातीची बघा, शक्यतो गावातल्याच माणसाकडची, दुसऱ्या वेताची, दोन-तीन महिन्यांची गाभण. दात बघा, सड बघा, मागची बाजू घाण असेल तर सोडून द्या कितीही स्वस्त असली तरी. आणलेल्या शेळ्या तीन आठवडे घरच्या शेळ्यांपासनं लांब बांधा. गाभणकाळ पाच महिन्यांचा, म्हणजे करडं जानेवारी-फेब्रुवारीत येणार, थंडीत खाली गोणपाट टाका आणि तासाभरात चीक पाजा. बोकड पहिल्या बकरी ईदला विकायची घाई करू नका, तेव्हा ते चार महिन्यांचं पोरगं असतंय, ईद दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडं सरकते तो हिशोब धरून दुसऱ्या ईदला दोन दाती (दोन पक्के दात आलेला), शिंग-कान शाबूत असलेला बोकड दावणीला ठेवा, गिऱ्हाईक घरी येतंय.