चित्रसंग्राहकाच्या घराचं इंटिरियर: या चुका टाळा

चित्रांची यादी हातात नसताना फॉल्स सीलिंगचा नकाशा काढायचा नाही. एवढं पाळलं तरी निम्म्या चुका टळतात, पण बहुतेक घरांत क्रम उलटा असतो. आधी पीओपी, मग वायरिंग, रंग, सोफा, आणि गृहप्रवेशाला आठ दिवस उरले असताना प्रश्न येतो, "ती मोठी चित्रं कुठे लावायची?" तोवर दिव्यांची भोकं पाडून झालेली असतात, मोठ्या भिंतीच्या बरोबर मध्यावर स्विचबोर्ड बसलेला असतो, आणि वीस वर्षं जमवलेला संग्रह उरलेल्या जागांत कोंबला जातो.

यादीत पाच रकाने हवेत: चौकटीसकट माप, चौकटीची खोली, वजन, माध्यम आणि काच आहे की नाही. मग प्रत्येक चित्राच्या मापाचा वर्तमानपत्राचा कागद कापून मास्किंग टेपने भिंतीवर चिकटवा आणि दोन-तीन दिवस तसाच राहू द्या. थ्रीडी रेंडरपेक्षा मला याच गोष्टीवर जास्त भरवसा आहे. रेंडरमध्ये सगळीच चित्रं छान दिसतात.

दिवा भिंतीला खेटून

ही चूक जवळजवळ प्रत्येक घरात दिसते. इलेक्ट्रिशियन सवयीने भिंतीपासून एक फुटावर स्पॉट टाकतो, कारण पीओपीची पट्टी तिथे असते. छत २.७० मीटरवर आणि चित्राचा मध्य १.५० मीटरवर धरला, तर उरतात १.२० मीटर. प्रकाश उभ्या रेषेशी ३० अंशांत पडायला हवा असेल, तर या १.२० ला ०.५८ ने गुणा. म्हणजे दिवा भिंतीपासून साधारण ७० सेंमीवर हवा. छत २.४० वर आलं असेल तर ५० सेंमीच्या थोडं पुढे.

एक फुटावरच्या दिव्याने काय बिघडतं? चौकटीची वरची कड जमिनीपासून २ मीटरवर आणि कॅनव्हासच्या ५ सेंमी पुढे असेल, तर तिची सावली चित्रावर सुमारे १४ सेंमी उतरते. चित्रातलं आकाश काळं पडतं. तोच दिवा ७० सेंमीवर नेला की सावली ५-६ सेंमी उरते. शिवाय अगदी खेटून, घासून जाणारा प्रकाश कॅनव्हासचा प्रत्येक उंचवटा आणि प्रत्येक जुनी दुरुस्ती उघडी पाडतो. दिवा फार मागे नेला तर काचेत त्याचंच प्रतिबिंब दिसतं आणि समोर उभ्या माणसाची सावलीही चित्रावर पडते. म्हणून चित्रांच्या भिंतीसमोर एकेकटे स्पॉट न टाकता ट्रॅक, म्हणजे छतावरची दिवे सरकवायची पट्टी, टाकावा. चित्र बदललं की दिवा सरकवता येतो. छताची रेषा "क्लीन" दिसावी म्हणून ट्रॅक नाकारणाऱ्यांशी वाद घालावा, तो वाद घालण्यासारखा आहे.

वर दिलेल्या मापांत २४ अंशांच्या बीमचं, म्हणजे दिव्याच्या झोताचं, वर्तुळ जेमतेम ६० सेंमी होतं, ३६ अंशांचं ९० सेंमी. पाच फुटी कॅनव्हासवर एकच २४ अंशांचा दिवा टाकला की मध्ये भगभगीत ठिपका आणि कडांना अंधार. तिथे ३६ अंशांचे दोन दिवे शेजारी शेजारी हवेत.

एलईडी घेताना फक्त वॅट विचारू नका. सीआरआय, म्हणजे दिव्याखाली रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९५ च्या वर, आणि आर-९ हा लाल रंगाचा आकडा ८० च्या वर मागा. साध्या ८० सीआरआयच्या दिव्याखाली कुंकवाचा लाल विटकरी दिसतो. रंगतापमान २७०० ते ३००० केल्विन. जलरंग, लघुचित्रं, छायाचित्रं आणि पैठणीसारखी वस्त्रं ५० लक्सवर (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचं माप) थांबवा, तैलरंग आणि ॲक्रिलिक २०० पर्यंत चालतात. डिमर आणि ड्रायव्हर (एलईडीला वीज पुरवणारा डबा) जोडीने लावून, साइटवरच, अगदी मंद प्रकाशात तपासा. दिवा लुकलुकतो की नाही ते तिथेच कळतं.

पावसाळ्याची भिंत

मुंबईत समुद्राकडे तोंड असलेल्या एका जुन्या इमारतीतलं घर. पश्चिमेच्या बाहेरच्या भिंतीवर ओल होती. बाहेरच्या भेगा न भरता आतून वॉटरप्रूफिंगचा हात मारला, वर परदेशी वॉलपेपर, आणि त्यावर सहा जलरंग. चौकटी भिंतीला पूर्ण टेकलेल्या, मागे एमडीएफ, म्हणजे लाकडाच्या भुशाचा दाबलेला बोर्ड. आतल्या कोटाने पाणी अडत नाही, ते भिंतीतच कोंडतं. ऑगस्टमध्ये कुबट वास येऊ लागला, तो एसीच्या फिल्टरचा समजून सर्व्हिसिंग झालं. गणपतीनंतर चौकटी उतरवल्या तेव्हा एमडीएफ फुगलं होतं, मागे काळी बुरशी होती, कागदाला लाटा आणि तपकिरी ठिपके आले होते. त्यावर कुणीतरी ओल्या फडक्याने पुसून ती बाल्कनीत उन्हात ठेवली. दोन चित्रांचा रंग ओघळला. बुरशीने जेवढं नुकसान केलं नव्हतं, तेवढं त्या अर्ध्या तासाने केलं.

भिंत तपासायला महागडं यंत्र लागत नाही. पावसाळ्यात ४५ सेंमी चौरस जाड प्लास्टिक चारही बाजूंनी टेपने घट्ट चिकटवा आणि एक-दोन दिवस ठेवा. आतल्या बाजूला दव धरलं तर पाणी भिंतीतून येतंय. बाहेरच्या बाजूला धरलं तर खोलीची हवाच दमट आहे. पहिल्यावर उपाय इमारतीच्या बाहेरून, परांची बांधून. दुसऱ्यावर डिह्युमिडिफायर. ज्यांना पावसाळा बघायला थांबायचं नाही, त्यांनी कागदावरची कामं बाहेरच्या भिंतीला लावूच नयेत, आतल्या भिंतीवर लावावीत.

कुठलीही भिंत असो, चौकटीच्या खालच्या दोन कोपऱ्यांना १०-१५ मिमी जाडीचे कॉर्कचे तुकडे चिकटवा, मागून हवा खेळते. फ्रेमवाल्याला आम्लविरहित माउंट (चित्राभोवतीचा पुठ्ठा) आणि पाठीमागे आम्लविरहित बोर्ड सांगा. एमडीएफ नको. बुरशी दिसलीच तर चित्र बाजूला काढा, एसीच्या कोरड्या खोलीत काच वर करून आडवं ठेवा, झटकू नका, पुसू नका, आणि संवर्धकाला, म्हणजे चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाला, बोलवा. मुंबईत छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाचं स्वतःचं कला संवर्धन केंद्र आहे, चौकशीची सुरुवात तिथून करता येते.

वजनाचा हिशेब

४ मिमी काच दर चौरस मीटरला १० किलो भरते. १२० बाय १५० सेंमीच्या चित्रावर नुसत्या काचेचे १८ किलो. ३ मिमी ॲक्रिलिक शीट घेतली तर साडेसहा. मात्र पेस्टल किंवा कोळशाच्या कामावर ॲक्रिलिक घालू नका, तिच्यावरची स्थिर वीज भुकटी ओढून घेते.

एएसी ब्लॉकच्या, म्हणजे हलक्या सच्छिद्र काँक्रीटच्या विटांच्या भिंतीत, ज्याला साइटवर सगळे सिपोरेक्स म्हणतात, साधी प्लास्टिकची गिट्टी हळूहळू सैल होते. तिथे एएसीचाच अँकर किंवा केमिकल अँकर. जिप्समच्या पार्टिशनमध्ये बोर्ड चढण्याआधी १८ मिमी प्लाय आत घालून घ्या. नंतर भिंत फोडावी लागते.

दगडी शिल्पाचं तर आधी गणितच करा. ४० बाय ४० सेंमी तळाचा, १२० सेंमी उंच बेसॉल्ट साडेपाचशे किलोंच्या घरात जातो. घरातला स्लॅब साधारण दर चौरस मीटरला २०० किलोंच्या वापरभारासाठी (माणसं, सामान यांच्या वजनासाठी) धरलेला असतो, आणि आठ माणसांची लिफ्ट ५४४ किलोंची असते. स्ट्रक्चरल इंजिनियरचं लेखी मत आधी, बयाणा नंतर. शिल्प शंभर वर्षांहून जुनं असेल तर १९७२ च्या पुरावस्तू कायद्याखालची नोंदणीही आधी बघा.

बाकीच्या, थोडक्यात

चित्र फार वर टांगणं: मध्य जमिनीपासून १४५-१५० सेंमी, सोफ्यावर पाठीपासून १५-२० सेंमी अंतर.

एसीचा झोत थेट कॅनव्हासवर: कॅनव्हास ताणतो, सैल पडतो, रंगाला भेगा जातात. एसीची जागा चित्रांच्या यादीनंतर ठरवा.

देवघरासमोर किंवा स्वयंपाकघराच्या दाराशी चित्र: उदबत्तीची काजळी आणि फोडणीचा तेलकट धूर रंगावर बसतो.

लिफ्ट आणि जिना न मोजणं: मग मोठा कॅनव्हास गुंडाळून आणायचा सल्ला मिळतो. जुना तैलरंग गुंडाळला की तडकतो.

सोफ्याला जुळणारं चित्र: सोफा दहा वर्षांत बदलतो, चित्र राहतं. कापड चित्राकडे बघून निवडा.

घाई: मार्बलचं पॉलिश, सुतारकाम आणि शेवटचा रंगाचा हात आटोपल्यावरही तीन-चार आठवडे चित्रं घरात आणू नका. रंगाचा वास पूर्ण गेला पाहिजे आणि भिंतीवर काळं कापड फिरवल्यावर पांढरी धूळ लागता कामा नये. धूळ लागली तर पुन्हा व्हॅक्यूम, आणि आठवड्याने पुन्हा कापड.