बदामाचं लाल पान: मुलांबरोबर जलरंगात

पानगळ म्हटलं की मुलं मेपलचं पान काढतात. इथल्या मुलांनी ते फक्त चित्रात पाहिलेलं असतं. आपल्याकडे डिसेंबर ते फेब्रुवारीत सोसायटीच्या पार्किंगमध्ये, शाळेच्या कुंपणाशी देशी बदामाची पानं पडतात. शेंदरी, किरमिजी, मध्येच हिरवा डाग राहिलेली, आणि आकाराने चांगली वीतभर. शिकायला याहून सोपं पान नाही. माझ्याकडे रविवारी शेजारची सहा ते दहा वर्षांची मुलं येतात, त्यांच्याबरोबर मी हेच करते. एलिमेंटरीच्या परीक्षेची तयारी हवी असेल तर ती वेगळी, इथे तिचा उपयोग नाही.

पानं सकाळीच वेचा. दुपारपर्यंत ती करपल्यासारखी तपकिरी होतात. ओल्या फडक्यात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली तर दुसऱ्या दिवशीही चालतात. वेचताना मुलांना किडकी, भोकं पडलेली पानंही घेऊ द्या. रंगवायला तीच जास्त मजेची.

खर्च करायचा तर कागदावर करा. शाळेच्या चित्रकलेच्या वहीचा कागद पाण्याने फुगतो, दोनदा ब्रश फिरला की त्याचे तंतू सुटतात आणि मूल म्हणतं, 'मला येतच नाही.' दोनशे जीएसएमच्या पुढचा जाड कागद आणा. पुण्यात असाल तर शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेत बघा. कागद परीक्षेच्या पॅडवर चारही बाजूंनी मास्किंग टेपने चिकटवा. रंग पाच पुरेत: गॅम्बोज पिवळा, क्रिमसन, बर्न्ट सिएना, सॅप ग्रीन आणि अल्ट्रामरीन. काळा आणि पांढरा डब्यातून काढून लपवा, नाहीतर सगळं त्यातच कालवलं जातं. आठ नंबरचा एक गोल ब्रश, चार नंबरचा एक, पांढरी बशी, सुती फडकं आणि पाण्याचे दोन डबे. एका डब्यात ब्रश धुवायचा, दुसरा स्वच्छ ठेवायचा. श्रीखंडाचे रिकामे डबे उत्तम.

आधी पान नुसतं बघायचं. बदामाचं पान टोकाकडे रुंद आणि देठाकडे निमुळतं असतं. न बघता काढलं की मुलं हमखास उलटं काढतात. मधली शीर बहुधा पिवळट राहिलेली असते, लाली शिरांच्या मधल्या जागेत. 'लाल कुठे नाही?' एवढंच विचारा.

लहान मुलांनी पान कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवली तरी चालेल, त्यात कमीपणा नाही. रेघ मात्र फिकी हवी. वर रंग बसला की ती खोडता येत नाही, आणि पिवळ्याखालची गडद पेन्सिल मळकट दिसते. मग पिवळ्या मेणखडूने शिरा जोर देऊन काढा. मेणावर पाणी टिकत नाही, म्हणून शिरा आपोआप राखल्या जातात.

आता स्वच्छ पाण्याने फक्त पानाच्या आतला भाग ओला करायचा, चकाकेल इतका. बाहेरचा कागद कोरडा असल्यामुळे रंग कडेला थांबतो. सगळीकडे पातळ पिवळा द्या, हिरवा येणार असेल तिथेसुद्धा. तो ओला असतानाच टोकाकडून आणि कडांवरून क्रिमसन टेकवायचा. टेकवायचा, घासायचा नाही. देठाजवळ थोडा हिरवा. लाल आणि हिरव्यामध्ये पिवळ्याची पट्टी सोडा, कारण ते दोघे भेटले की तपकिरी चिखल होतो. पॅड जरा तिरकं करा आणि रंगाला वाहू द्या.

इथे ब्रश खाली ठेवायला लावणं हे मोठ्यांचं खरं काम आहे. आई-बाबांनी स्वतःचा हातही मागे घ्यावा. 'थांब, मी नीट करून देते' म्हणून पुष्कळ पानं बिघडलेली मी पाहिली आहेत. चकाकी उतरू लागली की जाड्या मिठाचे चार-पाच खडे टाका. मीठ भोवतालचं रंगीत पाणी ओढून घेतं आणि किडीसारखे फिके ठिपके उमटतात. कागद फार ओला असेल तर मीठ विरघळून जातं, वाळला असेल तर काहीच होत नाही.

वाळायला वेळ लागतो. तेवढ्यात पान लाल का होतं ते सांगून टाका, कारण प्रश्न येणारच. पान गळायच्या आधी झाड त्यातलं हरितद्रव्य मोडून उपयोगाचा भाग परत घेतं. पिवळा रंग पानात आधीपासूनच असतो, हिरव्याखाली झाकलेला. तो उघडा पडतो. लाल मात्र पान जाता जाता नव्याने तयार करतं. म्हणूनच आपणही पिवळा सगळ्यांत खाली दिला आणि लाल वर. हे कळलं की मुलं पुढच्या पानाला रंगांचा क्रम विचारत नाहीत.

पूर्ण वाळल्यावर मीठ बोटांनी झटका. बारीक ब्रशने शिरांच्या कडेला थोडा गडद लाल, डागांना आणि भोकांच्या कडांना बर्न्ट सिएना. शेवटी अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळून पातळ राखाडी करा आणि पानाच्या एकाच बाजूला, खालून, सावली द्या. पान कागदावरून उचललेलं दिसतं आणि मुलं एकदम गप्प होऊन बघतात. आठ वर्षांखालच्यांना सावलीचा आग्रह नको.

टेप कागद पूर्ण सुकल्यावरच काढा, आडवी आणि हळू ओढून. मागे तारीख आणि झाडाचं नाव लिहायला सांगा. हात बसला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पिंपळाची कोवळी तांबूस पालवी घ्या. तिच्या लांब टोकासाठी चार नंबरचा ब्रश लागेल. ब्रश मात्र पाण्यात उभे ठेवून जेवायला जाऊ देऊ नका, टोकं वाकतात.