जोत्यातून भिंतीत चढणारी ओल: निदान आणि उपाय

ठाण्यातील जुन्या बैठ्या घरांत किंवा नवी मुंबईत खाडीलगतच्या भरावावरील इमारतींच्या तळमजल्यावर भिंतीचे पोपडे खालून सुटू लागले, तर रंगाऱ्याला बोलावण्याआधी ओल कोठून येते ते ठरवावे. जमिनीतून चढणारी ओल सहसा 1 मीटरच्या आसपास थांबते आणि वरच्या कडेला पांढरा लोणा (क्षारांचा थर) सोडते. डाग त्याहून बराच वर असल्यास गळका पाइप किंवा बाहेरची भेग आधी तपासावी.

बाहेरची माती किंवा पेव्हर ब्लॉक जोत्यावरील ओलरोधक थराच्या किमान 15 सेंटिमीटर खाली आणावेत, कारण अंगणाची पातळी वर्षानुवर्षे वाढवत नेल्यानेच हा थर पुष्कळदा निरुपयोगी ठरतो. थरच नसेल, तर विटांच्या खालच्या सांध्यात सुमारे 12 सेंटिमीटर अंतरावर छिद्रे पाडून सिलेन क्रीम (विटांत मुरून पाणी चढू न देणारे रसायन) भरून घ्यावे. त्यानंतर डागाच्या वर 30 सेंटिमीटरपर्यंतचा गिलावा काढून टाकावा, अन्यथा त्यातील क्षार हवेतील दमटपणा शोषत राहतात.

9 इंची भिंत वाळायला नऊ-दहा महिने लागू शकतात, आणि एवढा धीर धरणे हाच या कामाचा सर्वांत महत्त्वाचा भाग आहे असे मला वाटते. घाईने सिमेंटचा गिलावा व ऑइल पेंट लावल्यास कोंडलेली ओल आणखी वर चढते. म्हणून चुन्याचा गिलावा आणि बाष्प बाहेर जाऊ देणारा रंगच निवडावा.