ईजीआर व्हॉल्व्हसोबत त्याची वाटही साफ करा

जुन्या डिझेल गाडीचा पिकअप गेलाय, काळा धूर येतोय आणि स्कॅनरवर पी ०४०१ कोड दिसतोय? ईजीआर म्हणजे एक्झॉस्टचा थोडा वायू परत इंजिनात सोडणारी व्यवस्था. तिच्यातून तो वायू पुरेसा परत येत नाही, असा या कोडचा अर्थ. बरेच मेकॅनिक नुसता व्हॉल्व्ह धुऊन बसवतात. पण काजळी आणि ऑइलची वाफ मिळून जमणारा चिकट थर इनटेक मॅनिफोल्डच्या (इंजिनात हवा नेणाऱ्या नळ्यांच्या) तोंडाशी जास्त असतो. तिथे बघितल्याशिवाय काम पूर्ण झालं म्हणू नका.

इंजिन पूर्ण थंड होऊ द्या, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, मग व्हॉल्व्ह सोडवा. व्हॉल्व्ह काढलेल्या मॅनिफोल्डच्या भोकात आतल्या बाजूला चिंधी घट्ट बसवा आणि तिचं टोक बाहेर ठेवा. लाकडी काडीने थर खरवडा, सुटलेली काजळी व्हॅक्यूमने ओढून घ्या. कार्ब क्लीनर ब्रशला लावूनच वापरा. मॅनिफोल्डमध्ये थेट फवारू नका. आत साचलेलं द्रव सिलेंडरमध्ये गेलं तर इंजिनचंच नुकसान होतं. व्हॉल्व्हच्या मोटरवर किंवा कनेक्टरवरही क्लीनर जाऊ देऊ नका.

गॅस्केट मात्र नवीनच घाला. चिंधी काढायला विसरू नका, आणि शेवटी कोड पुसून गाडी चालवून बघा.